लेकींना शिकवायचं ते लोकसंख्येसाठी नव्हे

२०११च्या जनगणनेतले खानदेशचे तीन जिल्हे एकाखाली एक लिहून पाहा. साक्षरता जळगावात ७८ टक्के, धुळ्यात ७३ च्या जवळ, नंदुरबारात ६४. आता त्याच क्रमाने सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली किती, ते लिहा. जळगाव ८४२, धुळे ८९८, नंदुरबार ९४४. पहिली रांग उतरत जाते, दुसरी चढत जाते. जिथे शिकलेले जास्त, तिथे लहान मुली कमी. पुढची जनगणना लांबत गेल्यामुळे हे आकडे जुने वाटतील, पण त्या वर्षी मोजलेली ती पोरं आज पंधरा ते बावीस वर्षांची आहेत. त्यांची लग्नं आता ठरायला लागली आहेत.

शिक्षण वाढलं की जन्मदर घटतो, हे वाक्य आपण शाळेच्या पुस्तकापासून पुढाऱ्याच्या भाषणापर्यंत सगळीकडे ऐकतो. ते खोटं नाही. पण एका घरात दोनच लेकरं आहेत यावर आपण समाधान मानतो, तेव्हा ती कुणाच्या मर्जीने दोन झाली आणि कोणती दोन ठेवली गेली, हे विचारायचं राहून जातं. मुलीच्या शिक्षणाला लोकसंख्या कमी करण्याचं साधन मानण्याची आपली सवय चुकीची आहे आणि येत्या काळात ती मुलींच्याच अंगाशी येणार आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी जे खरं आहे ते नीट मांडू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, म्हणजे १९९२-९३ मध्ये, देशात एका बाईला सरासरी ३.४ मुलं होत. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत हा आकडा २.० वर आला. पिढी जागच्या जागी टिकायला २.१ लागतात, म्हणजे देश त्याच्याही खाली उतरला. महाराष्ट्र तर १.७ वर आहे. याच पाचव्या फेरीत शाळेची पायरी न चढलेल्या बाईला सरासरी २.८ मुलं आणि बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या बाईला १.८. एका मुलाचा फरक. शिक्षण आणि जन्मदर यांचं नातं सांगताना हाच फरक दाखवला जातो आणि बहुतेकदा चर्चा तिथेच संपते.

पण तीस वर्षं मागे जाऊन तेच कोष्टक उघडलं तर चित्र पालटतं. पहिल्या फेरीत निरक्षर बाईला सरासरी ४ मुलं होती, दहावी आणि त्यापुढे शिकलेलीला २.१ च्या थोडी वर. म्हणजे या काळात शिकलेल्या बाईचा आकडा जेमतेम तीन-चार दशांशांनी घसरला आणि न शिकलेल्या बाईचा १.२ ने. घरं लहान केली त्यात मोठा वाटा अंगठा उठवणाऱ्या बायांचा आहे. लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासकांनी ही गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीच दाखवून दिली आहे: भारतातली जन्मदरातली बरीचशी घट अशिक्षित बायांनी घडवली. तरीही ‘अडाणी लोकांना पोरं फार’ हे आपल्या ओट्यावरच्या गप्पांमधून जात नाही.

शाळा न शिकलेली बाई दोनवर का थांबली? खानदेशात राहणाऱ्याला याचं उत्तर डोळ्यांसमोर दिसतं. पहिलं कारण म्हणजे जन्मलेलं मूल जगायला लागलं. १९९० च्या सुमारास देशात हजारातली ८० च्या आसपास बाळं वर्षाच्या आत दगावत. महाराष्ट्रात २०२० साली हा आकडा १६ होता. चार जगवायची तर सहा जन्माला घालावी लागतात, हे आमच्या आजीच्या पिढीने पोथीत वाचलेलं नव्हतं, भोगलेलं होतं. पाळणा रिकामा होणार नाही अशी खात्री पटली की बाई आपोआप हिशोब बदलते. त्यासाठी तिला वाचता यावं लागत नाही. जवळ दवाखाना लागतो, वेळेवर लस लागते आणि निरोप घेऊन येणारी नर्सबाई लागते.

दुसरं कारण शेताचं. तापीकाठच्या ज्या घरांत आजोबांच्या नावावर वीस-पंचवीस एकर होतं, तिथे नातवाच्या सातबाऱ्यावर तीन-चार एकर उरलं. कापूस वेचायला, केळीच्या बागेत राबायला जास्त हात हवेत हे जुनं गणित वाटणीपुढे टिकलं नाही. कपाशीच्या पट्ट्यात एक वर्ष बोंडअळीने नेलं, दुसरं बाजारभावाने नेलं, की घरातला कर्ता माणूस पोरं मोजतोच.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं आणि त्यावर सगळ्यांत कमी बोललं जातं. घरं लहान झाली ती पुष्कळदा आईच्या शिक्षणामुळे नव्हे, तर लेकराला शिकवायचं ठरल्यामुळे. पोऱ्या आठव्या वर्षी गुरांमागे जायचा तोवर तो घरात भर घालायचा. त्याला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातला, गावाबाहेरून त्याला न्यायला पिवळी गाडी यायला लागली, दहावीनंतर जळगावला किंवा थेट पुण्याला क्लास लावायचा ठरलं, की तोच पोऱ्या वीस-बावीस वर्षं फक्त खर्चाचा झाला. असा खर्च चौघांवर होत नाही. चौथीत शाळा सुटलेली आईसुद्धा हे गणित चोख करते आणि दुसऱ्या बाळंतपणातच ऑपरेशन करून मोकळी होते. म्हणजे शाळेचा आणि जन्मदराचा संबंध आहे, पण तो आईच्या दाखल्यापुरता पाहिला तर अर्धा निसटतो. गावात शाळा आहे, ती शाळा नोकरीपर्यंत नेईल अशी आशा आहे, याचा परिणाम शाळेत न गेलेल्या बाईवरही होतो. शेजारणीचे दोन्ही मुलगे शिकून पुढे जाताना पाहिले की तिसरं नको असं वाटायला लागतं.

उलट बाजूही पाहायला हवी. शिकल्यामुळे मुलीचं लग्न लांबतं की लग्न लवकर उरकल्यामुळे शिक्षण तुटतं? चाळीसगाव, साक्री, नंदुरबारकडून ऊसतोडीला टोळ्या जातात. तिथे एक नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, त्या जोडीवर मिळते. मग पोरगी चौदा-पंधराची झाली की जोडी लावून देण्याकडे कल जातो. मागे राहणाऱ्या वयात आलेल्या मुलीची राखण कोण करणार, हाही प्रश्न असतोच. अशा मुलीची आठवीतली शाळा सुटली, अठराव्या वर्षी पदरात दोन लेकरं आली, तर कोष्टकात ती ‘कमी शिक्षण, जास्त मुलं’ या रकान्यात जाते. पण शाळा तिने स्वतः सोडली नाही, मुकादमाच्या उचलीने सोडवली. राज्यात वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी जवळजवळ २२ टक्के बायांची लग्नं अठराच्या आत झालेली होती, असं पाचव्या फेरीत निघालं. पाचातल्या एकीहून जास्त.

असं असलं तरी शाळेचा स्वतःचा म्हणून परिणाम आहेच, आणि तो सिद्ध झालेला आहे. नायजेरियात १९७६ साली प्राथमिक शिक्षण मोफत केलं. ज्या भागांत त्यासाठी जास्त पैसा खर्च झाला तिथल्या मुलींची तुलना पुढे अभ्यासकांनी केली. साधारण चार वर्षं जास्त शाळा मिळाली तर पंचविशीपर्यंत एक मूल कमी, असा हिशोब निघाला. आणि लग्नाचं वय लांबण्याची ताकद केवढी आहे ते साध्या गुणाकाराने कळतं. बहात्तर वर्षांत अठराव्या वर्षी आई होणाऱ्या घरात चार पिढ्या उभ्या राहतात, चोविसाव्या वर्षी आई होणाऱ्या घरात तीन. मुलांची संख्या तेवढीच राहिली तरी.

आता जळगावच्या ८४२ कडे येतो, कारण मला हा लेख लिहायला लावला तो या आकड्याने. २००१ साली जळगावात हाच आकडा ८८० होता. त्या दहा वर्षांत जिल्ह्यात शाळा वाढल्या, महाविद्यालयं वाढली, दुचाक्या आल्या, मोबाइल आले, आणि हजारामागे ३८ मुली आणखी कमी झाल्या. २०११ मध्ये राज्यात बीडनंतर सगळ्यांत वाईट अवस्था जळगावची होती. हे घडण्यामागे दुष्टपणा आहे तसा एक थंड हिशोबही आहे. पाच मुलं होणाऱ्या घरात एकही मुलगा नसण्याची शक्यता तीन टक्के. दोनच मुलं ठेवायची ठरवलेल्या घरात ती पंचवीस टक्के होते. म्हणजे कुटुंब लहान करायचं, पण वंशाला दिवा हवाच हे सोडायचं नाही, असं ठरवलेल्या दर चार घरांतल्या एका घरासमोर निसर्ग नुसत्या मुली ठेवतो. तिथे सोनोग्राफीचं मशीन मधे आलं. जन्मदर घटवण्याचा धडा आपण पाठ केला आणि मुलग्याचा हट्ट तसाच ठेवला. त्या दोन्ही गोष्टी एकत्र बसवण्याची किंमत मुलींनी भरली.

गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा आहे, २००३ साली तो आणखी कडक झाला. तरी हे झालं, कारण ते करायला पैसा लागतो, ओळख लागते, शहराची सवय लागते. या गोष्टी दऱ्याखोऱ्यांतल्या माणसाकडे नव्हत्या. त्या शिकलेल्या घरांकडे होत्या. बी.ए., बी.कॉम. झालेल्या सुनांना सासरच्यांनी तपासणीला नेलं आणि त्या गेल्या. तिच्या पदवीने तिला घराबाहेरची ये-जा दिली, इस्पितळाचा फॉर्म वाचायची अक्कल दिली, पण नाही म्हणण्यासाठी पायाखाली जमीन दिली नाही. तिच्या नावावर शेत नव्हतं, हातात स्वतःची कमाई नव्हती, माहेर परत घेईल याची हमी नव्हती. चांगलं स्थळ मिळावं म्हणून घेतलेलं शिक्षण असंच असतं. ते बायोडाटात शोभतं आणि हुंड्याचा आकडा ठरवतानाही मधे येतं.

नंदुरबारच्या ९४४ चं मला कौतुक करायचं नाही, पण त्यातून शिकायचं आहे. जिल्ह्यातले दहापैकी जवळपास सात लोक आदिवासी. भिल्ल, पावरा घरांत मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी देज, म्हणजे वधूमूल्य, द्यायची रीत आहे. मुलगी शेतात, रानात बरोबरीने राबते आणि तिचं राबणं घरात मोजलं जातं. ती जन्मली म्हणून बाप कर्जाच्या विचाराने वाकत नाही. त्याच जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात रस्ता नाही म्हणून बाळंतिणीला झोळीत घालून खाली आणावं लागतं, कुपोषणाने लेकरं जातात, आणि म्हणूनच तिथे अजून जास्त बाळंतपणं होतात. तिथल्या बाईला लोकसंख्येचं व्याख्यान देणं म्हणजे तिच्या तोंडावर मारणं आहे. तिला आधी जगणारं मूल द्या, मग ती संख्या स्वतः ठरवेल. तिला शाळाही द्या, पण अशी नको की आश्रमशाळेतून बाहेर पडलेली पोर हुंड्याच्या बाजारातली रीत शिकूनच घरी जाईल.

एक परिणाम तर गावोगावी भोगला जातोय. पस्तिशी गाठलेले शेतकरी मुलगे आहेत, स्थळं येत नाहीत. परिचय मेळाव्यांत मुलग्यांच्या रांगा आणि मुलींच्या चार नोंदी. दलालाला पैसे मोजून दूरच्या गरीब घरातली मुलगी आणली जाते आणि त्यात फसवणुकीच्या केसेस पोलिसात जातात. दोष मात्र दिला जातो तो मुलींना. ‘पोरी शिकून शेफारल्या, त्यांना शहरातला नोकरीवालाच पाहिजे.’ वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गर्भातच संपवलेल्या मुलींची आठवण त्या वेळी कुणाला होत नाही.

आणि आता वारा फिरलाय. २०२४ मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी लोकांना जास्त मुलं जन्माला घालायला सांगितलं आणि दोनपेक्षा जास्त अपत्यं असणाऱ्यांना स्थानिक निवडणूक बंद करणारी तिथली अट त्यांच्या सरकारने काढली. त्याच वर्षी डिसेंबरात नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी निदान तीन मुलं हवीत असं म्हटलं. लोकसभेच्या जागा लोकसंख्येवर वाटल्या जाणार असल्याने दक्षिणेला वाटणारी भीती खरी आहे, म्हातारपण वाढणार हेही खरं आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. गेली पन्नास वर्षं आपण म्हणत आलो की मुलींना शिकवा, म्हणजे पोरं कमी होतील. आता पोरं जास्त हवीत असं कुणी ठरवलं, तर त्याच तर्काने पुढचं वाक्य काय होईल? मुलींना जास्त शिकवू नका. हे वाक्य अजून कुणी व्यासपीठावर उघड बोललेलं नाही. पण लग्नाच्या बैठकीत, ओट्यावर, व्हॉट्सॲपवर ते फिरायला लागलंय, आणि त्याला बळ आपल्याच जुन्या युक्तिवादाने दिलंय.

दक्षिण कोरियाचं उदाहरण याच सुरात दिलं जातं. तिथे २०२३ साली एका बाईला सरासरी ०.७२ मूल होतं. बायका खूप शिकल्या म्हणून असं झालं, असं सांगतात. पण फ्रान्समधल्या बायकाही पुष्कळ शिकलेल्या आहेत आणि तिथे २०२४ साली हा आकडा १.६ च्या वर होता. फरक पडला तो मूल झाल्यावर बाईच्या नोकरीचं काय होतं यात, बाप घरी किती वेळ देतो यात, पाळणाघर मिळतं का यात. शिकलेल्या बाईपुढे नोकरी किंवा मूल असे दोनच पर्याय ठेवले तर ती नोकरी निवडते. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. दोष शिक्षणावर ढकलणं सोपं आहे, कारण शिक्षण काढून घेता येतं, पुरुषाची सवय काढून घेता येत नाही.

मराठी माणसाला हा मुद्दा नवा वाटू नये. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. पुढे याच कामापायी प्राध्यापकी सोडावी लागली, तरी त्यांनी ते सोडलं नाही. १९३८ साली डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयींसाठी ठराव आणला आणि त्यात बाळंतपणाच्या यातना पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर काय झालं असतं, हा सवाल उभा केला. ठराव फेटाळला गेला. ठरावावरच्या भाषणात देशाच्या दारिद्र्याचाही मुद्दा होता, पण बाईचा जीव आणि बाईची इच्छा हे त्याच्या मध्यभागी होतं. पुढे आणीबाणीत लक्ष्य पूर्ण करण्यासाठी माणसं धरून नसबंद्या झाल्या आणि तो मध्यभाग रिकामा झाला. पुरुष त्या भीतीने कायमचे बाजूला झाले. आज देशात लग्न झालेल्या बायांपैकी जवळजवळ ३८ टक्क्यांचं ऑपरेशन झालेलं आहे आणि पुरुषांच्या नसबंदीवर भिस्त आहे ती ०.३ टक्के जोडप्यांची. बाईचं ऑपरेशन साधारण पंचविशीच्या आसपास होतं. दोन लेकरं, मग टाके, मग पुन्हा शेत. दोन मुलांमधलं अंतर ठेवायला तांबी किंवा गोळ्या वापरण्याची गोष्ट तिच्याशी धड कुणी बोलतही नाही. राज्याचा जन्मदर १.७ वर आला याचा आनंद साजरा करताना हा भार कुणी उचलला ते विसरू नये.

महाराष्ट्रात अजून १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं तर पंचायत निवडणुकीला अपात्र ठरवणारी अट आहे. पंचायतीत निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. म्हणजे ज्या घरात मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही हे सासरा ठरवतो, त्या घरातली सून सरपंचपदाला मुकते. मर्जी त्याची, अपात्र ती. इतर राज्यांतल्या अभ्यासात अशा अटीमुळे बायको सोडणं, मूल लपवणं, दत्तक दाखवणं असे प्रकार नोंदले गेले. राज्यातला जन्मदर १.७ असताना ही अट ठेवण्याला कसलाच आधार उरलेला नाही. ती काढावी, पण ‘आता जास्त मुलं हवीत’ म्हणून नको. बाईवर शिक्षा लादते म्हणून काढावी.

आणि दहावीनंतरचं पाहावं, कारण खानदेशात मुली गळतात त्या तिथे. शाळेपर्यंत गावातली किंवा शेजारगावची सोय असते. अकरावीला तालुक्याला जावं लागतं. एसटीचा मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी गाड्याही सुरू झाल्या. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. कागदावर वाट मोकळी आहे. पण कॉलेज सुटतं दुपारी आणि गाडी येते सांजच्याला, मधले तास पोरीने स्टँडवर काढायचे, आणि एखाद्या दिवशी कुणी मागे लागलं की घरचे पास फाडून टाकतात, अशा गोष्टी गावोगाव ऐकायला मिळतात. प्रॅक्टिकल असलं की गाडी चुकते. तालुक्याच्या ठिकाणी मुलींची वसतिगृहं पुरेशी नाहीत, म्हणून बारावीनंतर ‘स्थळ चांगलं आहे’ हे वाक्य ऐकू येतं. फी माफ करून हे सुटत नाही. आगार व्यवस्थापकाने प्राचार्यांशी बसून गाड्यांच्या वेळा कॉलेजच्या वेळापत्रकाला जोडाव्यात, जिल्हा नियोजनाच्या पैशातून प्रत्येक तालुक्यात मुलींचं एक वसतिगृह बांधावं, आणि शिकून घरी आलेल्या मुलीच्या नावावर बापाने हयातीतच जमिनीचा तुकडा चढवावा. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला आहे, तरी आमच्याकडे भाऊबीजेच्या ओवाळणीवर हक्कसोड लिहून घेतली जाते. ती पहिल्यांदा थांबली पाहिजे.